चांदीच्या भांड्यांची नवअभिजात संकल्पचित्रे कशी वाचावीत?

अवलोकिता

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात घडलेली चांदीची भांडी, म्हणजे सूपची झाकणाची पात्रे, शमादाने (मेणबत्ती लावायची उभी दाने), मीठदाण्या, कॉफीच्या किटल्या, वाइन गार ठेवण्याची पात्रे, यांची छायाचित्रे अनेक संग्रहालयांनी आता सर्वांसाठी खुली केली आहेत आणि लोक ती हौसेने पाहतात. यांपैकी काही भांड्यांची मूळ संकल्पचित्रेही जपून ठेवलेली आहेत; ती मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. ही चित्रे देखणी असली तरी भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नाहीत. ग्राहक, वास्तुविशारद आणि चांदीकाम करणारा कारागीर या तिघांमधला तो कागदावरचा करार आहे, आणि करार म्हणून वाचले तरच त्यांतली प्रत्येक रेघ तिथे का आहे ते उमगते, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा काढत आहे.

प्राचीन ग्रीक-रोमन घाटांवर बेतलेल्या या नवअभिजात शैलीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतल्या प्राचीन रोमन नगरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ साली आणि पॉम्पेईचे १७४८ साली सुरू झाले. १७५७ पासून नेपल्सच्या दरबाराने हर्क्युलेनियममध्ये सापडलेल्या वस्तूंचे चित्रग्रंथ काढायला सुरुवात केली. नेपल्समधले ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन यांच्या प्राचीन कलशांच्या संग्रहाचे ग्रंथही त्यानंतर लवकरच येऊ लागले आणि १७७२ साली तो संग्रह ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. परिणामी, इटलीला कधीही न गेलेल्या कारागिरासमोरही ग्रीक कलशांचे घाट, मेंढ्यांची मस्तके, लॉरेलच्या पानांच्या माळा आणि नागमोडी चौकटी छापील स्वरूपात येऊन पडल्या.

त्याआधीच्या रोकोको शैलीत भांड्याला पुढचे-मागचे, डावे-उजवे असे काही राहतच नसे. शिंपले, लाटा, वेडीवाकडी पाने सगळीकडून वाहत असत, आणि अशा भांड्याचे एक चित्र काढले तरी त्याची मागची बाजू कशी असेल ते कारागिरालाच मेणात घडवून ठरवावे लागे. नवअभिजात भांडे मुख्यतः एका उभ्या अक्षाभोवती फिरवलेला आकार असते. त्या अक्षाच्या एका बाजूची बाह्यरेषा नेमकी काढली की अख्ख्या भांड्याचा घाट ठरतो. म्हणून या काळातल्या अनेक कागदांवर आधी शिसपेन्सिलीने किंवा बोथट टोकाने दाबून काढलेली मधली उभी रेघ दिसते आणि बाकीचे सारे तिच्याभोवती रचलेले असते.

त्या मधल्या रेघेचा आणखी एक उपयोग होता, आणि मला तो सर्वांत आवडतो. एकाच कागदावर रेघेच्या डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा पर्याय काढत असत. डावीकडचा कान मेंढ्याच्या डोक्यातून निघणारा, उजवीकडचा साधा वळवलेला. डावीकडे पोटावर उभ्या पन्हळी, उजवीकडे फुलमाळा आणि पदक (गोल चकतीतले उठावचित्र). चित्र पाहणाऱ्याला क्षणभर एकच विचित्र भांडे दिसते, पण ग्राहकाला तो कागद विचारत असतो की यातले कोणते हवे. निम्म्या श्रमांत दोन प्रस्ताव मांडण्याची ही युक्ती तिरप्या तोलाच्या रोकोको भांड्यावर सहसा चालली नसती.

उदाहरण म्हणून रॉबर्ट अॅडम (१७२८–१७९२) या स्कॉटिश वास्तुविशारदाचे घेऊ. सर वॉटकिन विल्यम्स-विन हे वेल्समधले फार मोठे जमीनदार. त्यांच्यासाठी अॅडमने लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमधले २० क्रमांकाचे घर १७७० च्या दशकात बांधले, आणि घराबरोबरच जेवणाच्या मेजावरची चांदीही आखून दिली. त्यांतली शमादाने १७७४ साली जॉन कार्टर यांच्या नाममुद्रेने घडली. त्याआधी, १७७१ साली, विन यांच्या घोड्याच्या शर्यतीतील यशानिमित्त अॅडमने एक मोठे पंचपात्र, म्हणजे पंच या मद्यपेयाचे पात्र, आखले होते. ते राजाचे सुवर्णकार थॉमस हेमिंग यांनी घडवले आणि आज ते कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अॅडमने आयुष्यात चांदीवर हातोडी चालवलेली नाही. छताच्या गिलाव्यात जी फुलमाळ आणि जे पदक तो आखत होता, तेच त्याला ताटाच्या काठावर हवे होते, आणि हे दुसऱ्याच्या हातून नेमके करून घ्यायचे तर कागदाला सगळे बोलता यायला हवे होते.

आपल्यापैकी कोणी अशी चित्रे प्रत्यक्ष पाहिली असतील, किंवा चांदीकामाशी संबंध असेल, तर जरूर लिहावे.

चित्रपट्टी

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे. मी उपयोजित कलेची विद्यार्थिनी आहे, म्हणून एक प्रश्न विचारते. ग्राहकाला दाखवण्यासाठी काढलेले चित्र आणि कारखान्यात वापरण्यासाठी काढलेले चित्र यांतला फरक कागदावरून ओळखता येतो का? दोन्हींवर सारखीच रेखीव रेघ असेल तर आपण ज्याला करार म्हणता, तो नेमका कोणत्या कागदावर झाला असे समजायचे?

अवलोकिता

चित्रपट्टी, पुष्कळदा ओळखता येतो, आणि त्यासाठी भांड्याकडे न पाहता कागदाकडे पाहावे लागते.

दाखवण्याच्या चित्रात शाईच्या रेघेवर करड्या किंवा तपकिरी रंगाचे पातळ थर दिलेले असतात. प्रकाश बहुतेक वेळा वरून डावीकडून येतो असे मानलेले असते, त्यामुळे पोटाचा उजवा भाग गडद होत जातो आणि डावीकडे कागदाचा पांढरा रंगच चांदीच्या झळाळीचे काम करतो. मुलामा द्यायचा असेल तर तेवढ्या भागावर पिवळा थर येतो. अशा चित्राला कधी चौकट असते, खाली सुवाच्य अक्षरांत ग्राहकाचे नाव असते. कारखान्यातल्या कागदावर छायाप्रकाश कमी आणि खुणा जास्त. मोजपट्टी किंवा थेट भांड्याच्याच मापाचे चित्र, वर्तुळे काढताना कंपासच्या टोकाने पडलेली बारीक छिद्रे, झाकण बसते तिथला छेद, वजन औंसात आणि दर पौंड-शिलिंगात, तेलकट बोटांचे डाग, आणि घडी घातलेल्या जागी जीर्ण झालेला कागद. काही कागदांवर तर अर्धेच चित्र काढून, ओल्या शाईवर कागद मधोमध दुमडून, उरलेला अर्धा भाग ठशासारखा उमटवून घेतलेला दिसतो. त्या बाजूची रेघ फिकट आणि किंचित फुटलेली असते, ती एकदा नजरेत बसली की पुढे लगेच ओळखू येते.

वेगळा प्रकार हवा असेल तर रोममधल्या लुईजी वालादिएर (१७२६–१७८५) यांच्या कार्यशाळेची चित्रे पाहा. इटलीतल्या फाएन्झा शहराच्या कलासंग्रहालयात त्यांचा मोठा संच आहे. वालादिएर स्वतः सुवर्णकार होते. चित्र काढणारा आणि भांडे घडवणारा एकाच छपराखाली असल्यामुळे पुष्कळ गोष्टी तोंडी सांगता येत असणार. अॅडमच्या कार्यालयाला ती सोय नव्हती, म्हणून त्याच्या कागदांवर माळेतले प्रत्येक पान मोजून काढलेले असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर करार दाखवण्याच्या कागदावर होत असे, आणि तो पाळला जाई कारखान्यातल्या कागदावर.

हुपरीकर

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या चांदीकामातले आहे, म्हणून कारागिराच्या बाजूने लिहितो.

आपण ज्या चित्रांविषयी लिहीत आहात, त्यांतली रेघ पाहून पहिला प्रश्न मनात येतो तो पत्र्याच्या जाडीचा. चित्रात जाडी दिसत नाही. त्याच घाटाचे भांडे पातळ पत्र्यातही होते आणि जाड पत्र्यातही होते, पण पातळ पत्र्यात पोटावरची माळ मागून ठोकून उठवता येते आणि जाड पत्र्यात ती वेगळी ओतून, साफ करून, डाक (सांधायचा मिश्रधातू) लावून बसवावी लागते. लांबून दोन्ही सारखे दिसतील. जवळून पाहिले तर उठावाच्या कामात पानाच्या कडा पत्र्यात विरघळतात आणि ओतून बसवलेल्या पानाच्या कडेखाली बारीक सावली पडते. चित्र काढणाऱ्याने पानाखाली गडद रेघ दिली असेल, तर त्याने नकळत कारागिराला ओतकाम सांगितले आहे, असा मी अर्थ लावीन.

दुसरी गोष्ट म्हणजे मोत्यांची कड. काठावर एकसारख्या बारीक मण्यांची जी रांग या शैलीत सगळीकडे दिसते, ती काढायला सोपी आणि हाताने ठोकायला फार किचकट आहे, कारण शेवटचा मणी पहिल्या मण्याशी बरोबर जुळला पाहिजे. म्हणून ती ठशात तार दाबून लांबच्या लांब तयार करतात, लागेल तेवढी कापतात आणि काठावर डाक लावतात. जोड कुठे येईल हेही आधी ठरवावे लागते. दोन कान असलेल्या भांड्यात तो कानाच्या मागे लपवायचा, हा शहाणा मार्ग. चित्रात कान काठाला जिथे टेकतो ती जागा जरा रुंद ठेवलेली असेल, तर ती काढणाऱ्याला कारखाना ठाऊक होता असे समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट पोटाच्या वळणाची. खालून फुगत जाऊन वर एकदम आवळलेली मान, असा घाट कागदावर एका हाताच्या फिरकीत येतो. पत्र्यात तो आणताना चांदी ठोकून ठोकून कडक होते, तिला पुनःपुन्हा तापवून मऊ करावे लागते, आणि मान जितकी अरुंद तितके आत खरवई (ठोकताना आतून आधार देणारी ऐरण) घालणे अवघड जाते. नक्षी उठवून झाल्यावर बाहेरून रेखीव करायची तर पोटात राळ भरून घ्यावी लागते, नाहीतर पत्रा दबतो. त्यामुळे ही चित्रे मला सोपी मुळीच वाटत नाहीत. शांत दिसणारी बाह्यरेषा सर्वांत जास्त मेहनत मागते, कारण नक्षीखाली झाकायला तिथे जागाच नसते आणि एक चुकीचा ठोका उजेडात लगेच दिसतो.

थेम्सकाठी

लंडनमध्ये राहतो आणि या विषयाची आवड आहे, म्हणून इथल्या दोन जागांबद्दल सांगतो.

अॅडमच्या कार्यालयातली सुमारे ९,००० चित्रे वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी १८३३ साली २०० पौंडांना विकत घेतली आणि ती आजही लिंकन्स इन फील्ड्समधल्या त्यांच्या घरात, म्हणजे सोन संग्रहालयात आहेत. अॅडमच्या मृत्यूनंतर त्याची शैली इतकी जुनाट मानली जाऊ लागली होती की त्या कागदांना फारसे गिऱ्हाईक उरले नव्हते. सोन यांनी ते घेतले नसते तर ते विखुरले गेले असते. त्या संग्रहात घरांच्या दर्शनी भागांबरोबर गालिचे, दारांच्या मुठी, आरसे आणि चांदीची भांडी सगळे एकत्र आहे. शमादानाचे चित्र पाहावे आणि मग त्याच घराच्या छताचे पाहावे, म्हणजे अवलोकिता यांचे छत आणि ताट यांविषयीचे म्हणणे डोळ्यांनी पटते.

दुसरी जागा म्हणजे हाइड पार्क कॉर्नरवरचे अॅप्सली हाउस. हे घर मुळात १७७० च्या दशकात अॅडमनेच बांधले. पुढे ते वेलिंग्टनचे झाले. इथे मराठी वाचकाने थांबावे अशी एक गोष्ट आहे. १८०३ साली आर्थर वेलस्लीने, म्हणजेच पुढच्या वेलिंग्टनने, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी त्याला चांदीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या भांड्यांचा संच भेट दिला. तो लंडनमध्ये जॉन एडवर्ड्स यांच्या कार्यशाळेत १८०६–०७ च्या सुमारास घडला आणि आजही दख्खन संच या नावाने तिथे मांडलेला आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या रणभूमीची आठवण लंडनच्या मेजावर अशा रूपात जाऊन बसावी, याने मन अस्वस्थ होते. तो संच मी नुसते कौतुक म्हणून पाहू शकत नाही.

त्याच घरातला दुसरा संच मात्र या धाग्याच्या मुख्य मुद्द्याला फार जवळचा आहे. पोर्तुगालच्या राज्यकारभार मंडळाने वेलिंग्टनला देण्यासाठी १८१२ ते १८१६ या काळात लिस्बनच्या शस्त्रागारात सुमारे एक हजार नगांचा संच करवून घेतला. त्याची आखणी दोमिंगुश आंतोनियु द सेकेइरा (१७६८–१८३७) या चित्रकाराने केली. तो रोममध्ये शिकलेला, राजदरबाराची चित्रे रंगवणारा माणूस. चांदीकाम हा त्याचा व्यवसाय नव्हता. मेजाच्या मधोमध ठेवायची जी लांब बैठक आहे तीच सुमारे आठ मीटरची आहे, आणि तिच्या कडेने नाचणाऱ्या आकृती उभ्या आहेत. मूळ मांडणीत त्या आकृती फुलांच्या माळांनी एकमेकींशी जोडलेल्या असत. आठ मीटर लांबीची गोष्ट एका नजरेत दिसत नाही. जेवायला बसलेल्याला तिचा आपल्यापुढचा तुकडाच दिसतो, आणि तरी पूर्ण रांगेची लय टिकली पाहिजे. हे कागदावर आधी सोडवल्याशिवाय शस्त्रागारातल्या कारागिरांना करता आले नसते.

जुनी_टाकसाळ

हुपरीकरांनी पत्र्याच्या जाडीचा आणि ठशाचा विषय काढला, त्याला जोडून यंत्रांविषयी लिहितो, कारण या चित्रांची दुसरी बाजू बर्मिंगहॅममध्ये आहे.

बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) यांच्या सोहो कारखान्यात आणि शेफील्डच्या कारखान्यांत चांदीचा पत्रा लाटण यंत्रातून सारख्या जाडीचा निघू लागला आणि पोलादी ठशांतून काठ, पदके, शमादानाचे भाग दाबून काढता येऊ लागले. शेफील्डमध्ये तर १७४० च्या दशकात थॉमस बोल्सोव्हर यांनी तांब्यावर चांदीचा थर तापवून जोडायची रीत शोधली होती, आणि त्या पत्र्यावर खोल कोरीवकाम करता येत नाही, कारण खालचे तांबे उघडे पडते. सरळ बाजू, एकसारखी कड, पुनःपुन्हा येणारे एकच पदक असलेली शैली या यंत्रांना जणू बेतून दिल्यासारखी होती. प्राचीन ग्रीसच्या ओढीमुळेच ही शैली पसरली असे आपण मानतो, पण लाटण यंत्र नसते तर ती मध्यमवर्गाच्या घरापर्यंत इतक्या लवकर पोहोचली नसती, असे मला ठामपणे वाटते.

बोल्टन यांनी विल्यम चेंबर्स, जेम्स वायट यांसारख्या वास्तुविशारदांच्या संकल्पचित्रांचा उपयोग केला. सोहोच्या नमुनावह्या आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाच्या दफ्तरात आहेत. एकट्या ग्राहकासाठी काढलेल्या अॅडमच्या चित्राहून यांचा स्वभाव वेगळा आहे. इथे प्रत्येक नमुना पुन्हा विकण्यासाठी नोंदवलेला असतो, म्हणून रेघ कोरडी आणि नेमकी असते. बोल्टन यांची एक मोठी अडचण अशी होती की चांदीचा कस तपासून शिक्का मारून घ्यायला माल चेस्टरपर्यंत पाठवावा लागे. त्यात वेळ जाई आणि परत येताना भांड्यांना पोचे पडत. त्यांनी संसदेत पाठपुरावा केला आणि १७७३ साली बर्मिंगहॅम व शेफील्डला स्वतःची कस-तपासणी कार्यालये मिळाली. बर्मिंगहॅमचे चिन्ह जहाजाचा नांगर आणि शेफील्डचे मुकुट ठरले.

मुंबईशी याचा खरा धागा आहे. बोल्टन यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाच्या आणि वॅट यांच्या कारखान्याने मुंबईच्या टाकसाळीसाठी यंत्रे पुरवली. फोर्टातली टाकसाळीची इमारत १८२० च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. तिचा खांबांचा दर्शनी भाग आणि समोरचा १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे, हे दोन्ही त्याच ग्रीक ओढीतून आलेले आहेत.

ओंजळ

धागा अतिशय आवडला, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. अॅडमच्या चांदीचे आपण सारे कौतुक करत आहोत, पण त्याच्या पुढच्याच पिढीला ती पसंत नव्हती, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते.

चार्ल्स हीथकोट टेथम या वास्तुविशारदाने १८०६ साली चांदीच्या भांड्यांच्या स्वतःच्या संकल्पचित्रांचे पुस्तक काढले. त्याची तक्रार अशी की चांगल्या चांदीचा मुख्य गुण भरदारपणा, आणि तोच सोडून हलके, किरकोळ आकार चलनात आले आहेत. टेथम स्वतः १७९० च्या दशकात रोममध्ये राहून प्राचीन संगमरवरी अवशेष मोजून आला होता. इटालियन छापचित्रकार पिरानेसीने १७७८ मध्ये कलश आणि दीपस्तंभांच्या ज्या मोठ्या छापचित्रांचा ग्रंथ काढला, त्यांत रोमन सम्राट हेड्रियनच्या व्हिलाजवळ १७७१ साली तुकड्यांत सापडलेला आणि पुढे वॉरिक कलश म्हणून ओळखला गेलेला प्रचंड संगमरवरी कलशही आहे. त्याच कलशाची लहान रूपे लंडनच्या पॉल स्टॉर या सुवर्णकाराने १८१२ च्या सुमारास चांदीत वाइन गार ठेवण्यासाठी घडवली. ती जड आहेत, त्यांत द्राक्षवेलींचे पीळदार कान आहेत, चेहरे पुढे आलेले आहेत. त्यांच्यापुढे अॅडमची माळ कागदाची वाटते. छतावर शोभणारी फिकट नक्षी हातात धरायच्या वस्तूवर आणणे, हे वास्तुविशारदाने भांडे आखण्याचे मोल आहे, आणि ते चित्रांतच दिसते: अॅडमच्या चित्राला उंची आणि रुंदी आहे, वजन नाही.

अवलोकिता

ओंजळ, टेथमचे म्हणणे योग्य वेळी आणलेत. त्याच्या चित्रांत सावल्या मुद्दाम काळ्याशार दिलेल्या आहेत, म्हणजे वजन दाखवायलाही त्याला कागदच वापरावा लागला. तरी अॅडमला वजन नव्हते हे मला पूर्ण मान्य नाही. विन यांचे पंचपात्र पाहावे, ते चांगले भरदार आहे. शमादाने सडपातळ आहेत, कारण ती मेजावर ओळीने उभी राहणार होती आणि पलीकडच्या माणसाचा चेहरा झाकून चालणार नव्हते. आणि हातात धरायच्या वस्तूचा जो मुद्दा आपण काढलात, तो वॉरिक कलशालाही लागतो. कित्येक फूट रुंदीच्या दगडी भांड्याचे चित्र घेऊन त्याची बाटली मावेल एवढी प्रतिकृती केली की वेलींचे कान हाताने उचलायच्या उपयोगाचे राहत नाहीत, ते केवळ आठवण म्हणून राहतात. माप बदलले की घाटही थोडा बदलावा लागतो. अॅडमने तेवढे तरी केले.

आणखी एक बाब लिहायची राहिली होती, ती म्हणजे चित्र कोणाचे. अॅडमच्या कार्यालयात जुझेप्पे मानोक्की, जोसेफ बोनोमी यांच्यासारखे कसलेले इटालियन चित्रकार काम करत होते, म्हणून अॅडमच्या नावावरचा प्रत्येक कागद त्याच्या हातचा समजू नये. फ्रान्समध्ये तर चित्रे कारखान्याची मालमत्ता म्हणून हातोहात फिरली. पॅरिसचे सुवर्णकार आँरी ओग्युस्त कर्जबाजारी झाले आणि १८०९ साली चांदी पेट्यांत भरून देश सोडण्याच्या प्रयत्नात डिएप बंदरावर पकडले गेले. त्यांच्या नमुन्यांचा आणि चित्रांचा बराच भाग दुसरे सुवर्णकार जाँ-बातिस्त-क्लोद ओदियो (१७६३–१८५०) यांनी विकत घेतला. त्यामुळे ओदियोंच्या दफ्तरातले चित्र ओदियोंचेच, असे धरता येत नाही. आँरी यांचे वडील रोबेर-जोझेफ यांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या जर्मनीतल्या हानोफरच्या राजवाड्यासाठी मोठा संच केला. त्याच संचात भर घालायचे काम हानोफरमधल्या फ्रान्त्स-पीटर बुन्जेन या स्थानिक सुवर्णकाराकडे आले आणि त्याने पॅरिसच्या घाटाबरहुकूम नग घडवले. दोन देश, दोन कारखाने आणि एक घाट. कागदावरचा करार म्हणते तो हाच.

चित्रपट्टी

आता माझा प्रश्न हुपरीकरांना. समजा, सोन संग्रहालयाने खुले केलेल्या चित्रांपैकी एका शमादानाचे चित्र मी योग्य मापात छापून आपल्याकडे आणले, तर केवळ त्यावरून आपण ते घडवू शकाल का? चित्रात काय कमी पडेल?

हुपरीकर

घडवता येईल. काय कमी पडेल ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी वरून पाहिलेले चित्र लागेल. बाजूच्या चित्रावरून बैठक गोल की आठ बाजूंची ते कधी कधी कळत नाही, आणि पन्हळी किती हे तर मोजून घ्यावेच लागते, कारण समोर अर्ध्याच दिसतात आणि कडेच्या दोन-तीन रेघा इतक्या जवळ येतात की त्या एक की दोन हे ठरत नाही. दुसरे म्हणजे वजन. आपण किती चांदी देणार ते आधी सांगावे लागेल, कारण त्यावर मी दांडा पोकळ करायचा की भरीव ओतायचा ते ठरवीन. पोकळ केला तर आत राळ भरून बैठकीला पत्रा लावावा लागेल, नाहीतर वरच्या भागाचे वजन पेलणार नाही आणि शमादान कलंडेल. तिसरे म्हणजे चांदीचा टंच, म्हणजे तिची शुद्धता. इंग्रजी मालात हजारात ९२५ भाग चांदी असते. आपण त्याहून शुद्ध चांदी आणलीत तर ती मऊ पडेल आणि मोत्यांची कड वापरात लवकर झिजेल, म्हणून त्याच टंचाची घ्यावी.

मेंढ्याची मस्तके असतील तर त्यांचे वेगळे मोठे चित्र आणावे. लहान मापात चित्रकार दोन ठिपक्यांत डोळा दाखवून मोकळा होतो, आणि साचा करताना मला पापणी, शिंगाचा पीळ, कानाची जाडी सगळे लागते. ते मी माझ्या मनाने केले तर ते माझे मस्तक होईल, चित्रातले होणार नाही. मेणाचा नमुना करून आधी आपल्याला दाखवीन, आपण होकार दिलात की मगच ओतीन. चित्र छापताना मोजपट्टी कापली जाणार नाही एवढे पाहावे, कारण छापखान्यात कागद किंचित लहान-मोठा होतो आणि त्या पट्टीवरूनच मी माप धरणार.